झुंबरबाईचं मनगट

तुम्हाला भर माणसांत कुणी ढोंगी म्हणालं, तर ते तुम्ही किती दिवस ध्यानात ठेवाल? खरं सांगा. चार दिवस जेवण गोड लागणार नाही. महिनाभर त्या माणसाच्या दारावरून जाणं टाळाल. आणि मग एक दिवस तो बसस्टँडवर समोर आला की तुम्हीच आधी रामराम घालाल, कारण उगं वाकडेपणा कशाला. तुमच्यासारख्या समजूतदार माणसांमुळंच तसल्यांचं फावतं.

झुंबरबाईनं नऊ वर्षं ध्यानात ठेवलं. नुसतं ठेवलं नाही. दाण्यासारखं दरसाल उन्हात घातलं, निवडलं, पाखडलं आणि परत भरून ठेवलं.

तिचं गाव बदनापूरहून जीपनं आत. घरची जमीन नावापुरती, त्यामुळं दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणं आलंच. पण निंदण-खुरपणाला जाऊन दिवस ढकलणारी बाई ती नव्हती. ती क्रॉसिंगच्या टोळीची पुढारीण होती. कपाशीचं जे संकरित बियाणं जालन्याहून पिशव्यांत भरून लांब लांब जातं, ते काही कंपनीच्या गोदामात जन्मत नाही. ते बायांच्या बोटांत जन्मतं. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हुडकायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या बुडाशी चीर द्यायची आणि मनगट आतून बाहेर एकदाच फिरवायचं. पाकळ्या आणि परागाची नळी टोपीसारखी निघून हातात येते, आतली नाजूक दांडी तशीच उभी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दांडीवर नर फूल घासायचं आणि खुणेचा दोरा बांधायचा. दांडी मोडली तर कळी गेली.

झुंबरबाईच्या हातून दांडी मोडत नव्हती. ती ओळीत शिरली की मागच्या बायांची पळापळ व्हायची. तिची जोडीदारीण मालनबाई कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "झुंबरे, तुह्या हाताला काय मशीन बसवलीय का? जरा दम तं खाऊ दे लोकाला."

"दम घरी जाऊन खाय. कळी थांबती का तुह्यासाठी?"

या कामाचा एक दंडक आहे, तो इथंच ऐकून ठेवा. क्रॉसिंगला जाणारी बाई उजव्या हातात काचेच्या बांगड्या घालत नाही. झाडांच्या दाटीत बांगडी अडकते, शेजारची कळी झडते, मालक खवळतो. म्हणून सगळा हंगाम डाव्या हातात बांगड्या आणि उजव्या मनगटाला नुसता काळा दोरा, तोही एवढ्यासाठी की सवाशिणीचा हात रिकामा दिसू नये. हंगाम संपला, किंवा मधीच कुठं शहरगावी जायची वेळ आली, की मणेरीण चाचीला बोलवायचं आणि हात भरून घ्यायचे. चाची साबण लावून, पंजा दाबून, हाडं एकमेकांवर चढवून अशी तंग बांगडी चढवायची की बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. ढिली बांगडी गबाळ्या बाईची, तंग बांगडी घरंदाज बाईची, हा तिकडचा हिशोब.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. प्लॉट बद्रीनाथरावांचा. बद्रीनाथराव म्हणजे गावातलं मोठं खातं, विहिरी, ट्रॅक्टर आणि तोंडात सदा वेलदोडा. त्या दिवशी ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून ट्रॅक्टर त्यांनी स्वतः काढला. ट्रॉलीत टोळीच्या सगळ्या बाया. ऊन चढायच्या आत नर फूल घासायचं असतं, त्यामुळं घाई. नाल्याच्या वळणावर ट्रॉली कलली आणि बाया कोथिंबिरीच्या जुड्यांसारख्या खाली पडल्या. बाकीच्यांना खरचटलं. झुंबरबाई उजवा हात टेकून पडली आणि मनगटात काहीतरी वाळली काडी मोडल्यासारखं वाजलं.

बद्रीनाथरावांनी तिला जीपमधी घालून जालन्याला नेलं, ते खरं. पण नेलं आपल्या मेव्हण्याच्या मित्राकडं. डॉक्टर गोंदीकर. हाडाचा दवाखाना, बाहेर पाटी, आत पंखा. गोंदीकरानं हात ओढला, प्लास्टर घातलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट उलट्या पळीसारखं बाक धरून बसलं होतं, आणि करंगळीच्या बाजूचं हाड सुपारीएवढं वर आलं होतं.

"हे असंच ऱ्हाणार का?" तिनं विचारलं.

"जुळलंय ना हाड? मग झालं. सौंदर्यस्पर्धेला जायचंय का?" गोंदीकर म्हणाला आणि स्वतःच हसला.

ती पण थोडी हसली. ते हसणं तिनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही.

पुढच्या हंगामात ती उजव्या हाताला काळा दोरा बांधून ओळीत उतरली. पहिल्या कळीला नख लावलं, मनगट फिरवलं आणि आतून हाड उसळलं. कट्‌ असा आवाज, खांद्यापर्यंत कळ, आणि बोटांत मोडलेली दांडी. दुसरी कळी, तेच. पायाशी मोडक्या कळ्यांचा सडा पडला. बद्रीनाथराव बांधावर उभे होते. त्यांनी एक कळी उचलून सगळ्या बायांना दाखवली.

"पहा. ट्रॉलीचा राग काढून राह्यली. मुद्दाम मोडती."

"मुद्दाम न्हाई मालक, हात धरत न्हाई."

"घरी भाकरी थापताना बरा धरतो?"

भाकरी थापताना तो धरत होता, हेच तर दुखणं होतं. घागर उचलताना कधी धरायचा, कधी सोडायचा. ज्या दिवशी बाजाराला म्हणून हात भरून घेतले असतील त्या दिवशी कळ कमी. गिरिजाबाई, तिची सासू, म्हणायची, "मणेरणीच्या हातात गुण हाये बघ." कुणालाच यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. तिलाही नाही.

मालनबाईच्या जोरावर तिनं जालन्याला कामगारांच्या साहेबाकडं, कामावर जाताना हात गेला, असा अर्ज केला. तारीख लागली. साहेबानं गोंदीकरालाच बोलावलं, कारण इलाज त्याचा. आदल्या दिवशी गिरिजाबाईनं चाचीला घरी आणलं. सून कचेरीत चार मोठ्या माणसांपुढं उभी राहणार, तिथं दोरा बांधून गेली तर लोक काय म्हणतील? चाचीनं दोन्ही हात कोपराच्या खालपर्यंत भरले. हिरवा चुडा, मनगटात असा घट्ट बसवला की वरखाली होईना. झुंबरबाई नवं लुगडं नेसून जालन्याला गेली. साहेबाची खोली, टेबलाभोवती बद्रीनाथराव, त्यांची दोन माणसं, दाराशी टोळीच्या बाया.

गोंदीकरानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "हाड जुळलेलं आहे. थोडं वाकडं, पण जुळलेलं." मग तिचा पंजा धरून वर केला, खाली केला, बांगड्यांसकट फिरवला. हाड गप्प. ना कट्‌ ना कळ. झुंबरबाई चकित होऊन स्वतःच्या हाताकडं बघत राहिली.

"दुखलं?" हे साहेबानं विचारलं. डॉक्टरानं नव्हे.

खोटं बोलता येत नाही ही एक मोठी खोड असते. "आत्ता न्हाई दुखलं," ती म्हणाली. "पण शेतात दुखतं. साहेब, मला दुसरं काही नको. हात गेलाय हे खरं हाये, एवढं लिवा."

गोंदीकरानं हात रुमालाला पुसले. "साहेब, जे शेतात दुखतं आणि दवाखान्यात दुखत नाही, त्याला आमच्या शास्त्रात दुखणं म्हणत नाहीत. बाई ढोंग करते."

दाराशी उभ्या बायांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. एवढंच झालं. एका माणसाचा जन्म उलटा करायला एवढं पुरतं.

त्या दिवसापासून ती ढोंगी झुंबर. टोळी दुसऱ्या बाईच्या हाती गेली. पाणवठ्यावर कुणी हंडा जड म्हणालं की दुसरी म्हणायची, "झुंबरबाईसारखं मनगट धर, नवरा आणील पाणी." पोरं मनगट धरून लंगडायची, मनगटाचा आणि पायाचा संबंध काय हे त्यांनाही माहीत नव्हतं. नवरा पुंजाराम गरीब माणूस, तो म्हणायचा, "जाऊ दे ना. हात गेला, इज्जत गेली, आता डोकं तरी ठेव."

"इज्जत गेली न्हाई. नेली," ती म्हणायची. "नेणाराचं नाव मला ठाऊक हाये."

तिनं घरच्या बोकडाचं नाव डॉक्टर ठेवलं. "डॉक्टर, भांड्यात तोंड घालू नको." "डॉक्टर, लाज हाये का काही?" गल्लीला करमणूक झाली. तो बोकड कापला की पुढच्याचंही नाव डॉक्टर. आखाडात रस्सा वाढताना ती पुंजारामला म्हणायची, "घ्या, डॉक्टराची मांडी घ्या." हसत नसायची. गावात कुणाचं हाड मोडलं तर ती उठून त्याच्या घरी जायची आणि गोंदीकर सोडून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टराचा रस्ता सांगायची. त्याचा दवाखाना दुमजली झाला तेव्हा जालन्याला जाऊन, समोरच्या फुटपाथवर उभी राहून, ती तो नीट बघून आली. राग शिळा होऊ नये म्हणून.

पण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. कधी कधी चुलीपुढं बसली की ती मनगट धरून हळूच फिरवायची, आणि बाजारची ताजी बांगडी हातात असली की हाड गप्प असायचं. तेव्हा तिला शंका यायची: आपण खरंच ढोंगी तर नाही? आपल्याला भास होतो का? दुसऱ्यानं खोटं म्हटलेलं माणूस सोसतं. आपणच आपल्याला खोटं म्हणायला लागलो की मग जगायला जागा राहत नाही. गोंदीकरावर तिचा खरा डूख हाच होता. त्यानं तिला तिच्याच हाताची साक्ष खोटी वाटायला लावली.

अठ्ठ्याण्णव साली मालनबाई जाफराबादला बहिणीकडं गेली आणि परत आली ती थेट झुंबरबाईच्या ओट्यावर.

"माह्या बहिणीच्या शेजारची पोरगी औरंगाबादला डॉक्टरीण हाये. बेबीनंदा खिल्लारे. वाकडी जुळलेली मनगटं शोधून राह्यली ती. तिच्याकडं हलता एक्स-रे हाये म्हणे. हात हालतो तसं आतलं हाड टीव्हीवर हालताना दिसतं. त्याच्यावर मोठा अभ्यास करून राह्यली."

"आन्‌ त्याच्यातबी ढोंगच दिसलं तं?"

"मंग बोकडाचं नाव बदल," मालनबाई म्हणाली. "पण चल."

गिरिजाबाई तवर वारली होती, पण तिची शिस्त घरात तशीच होती. शहरात, मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून झुंबरबाईनं हात भरून घेतले. तंग, हिरवे, मनगटाला चिकटलेले. दोघी पहाटेच्या गाडीनं औरंगाबादला गेल्या.

डॉक्टर बेबीनंदा वयानं लहान होती, आवाज मात्र मास्तरणीचा. तिनं दोघींना आधी बसवलं, चहा पाजला. झुंबरबाईचा जुना एक्स-रे बघून म्हणाली, "मावशी, हा फोटो आहे. फोटोत माणूस उभा दिसतो. तो लंगडतो का, हे फोटोत कसं कळणार? त्याला चालवून बघावं लागतं. हाडाचंही तसंच. बऱ्याच जणांचं हाड पडून असताना शहाणं असतं, हालायला लागलं की घोटाळा करतं. वाकड्या मनगटात कुठलं हाड कधी जागा सोडतं, तेच मी बघते."

अंधारी खोली. अर्धवर्तुळासारखी लोखंडी कमान, तिच्या मधी टेबल, बाजूला टीव्ही. बेबीनंदानं शिशाचा जड अंगरखा घातला, झुंबरबाईच्या अंगावरही एक टाकला. हात टेबलावर ठेवला आणि टीव्हीवर झुंबरबाईला तिचा हात दिसला, मांस नसलेला. मनगटात डाळीच्या दाण्यांसारखी लहान लहान हाडं दाटीवाटीनं बसलेली, आणि मनगटाखाली बांगड्यांची फिकट कडी एकावर एक. नुसती काच, पण तीही दिसत होती.

"हलवा. वर. खाली. आता फिरवा."

दाणे सरकले, एकमेकांना वाट दिली, परत जागेवर आले. दोन्ही लांब हाडं शेजारी शेजारी, शहाण्या बैलांसारखी फिरली. कुणी उसळलं नाही. बेबीनंदानं पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा तेच.

झुंबरबाई अंगरखा ओढायला लागली. "बास. कळलं मला. मशीनबी त्याचीच निघाली."

"मावशी, थांबा."

"काय थांबू? तो म्हणाला ते बराबर होतं. शेतात दुखतं आन्‌ दवाखान्यात दुखत न्हाई."

बेबीनंदा टीव्हीकडंच बघत होती. "शेतात कसलं काम?"

"क्रॉसिंग."

"मग या बांगड्या अडकत नाहीत कपाशीत?"

"क्रॉसिंगला कोण घालतं उजव्या हातात?" झुंबरबाई फणकारली. आणि बोलता बोलताच तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. दाराशी मालनबाईनं कपाळाला हात लावला. खोलीत तिघी बाया, आणि तिघींनाही एकदमच कळलं होतं. तेव्हाही आणि आताही, डॉक्टरापुढं जाताना ती तंग बांगड्यांनी आपलं आपणच हाड बांधून नेत होती.

बांगड्या निघेनात. नर्सनं साबण आणला, पण मनगटाच्या बाकावर काच अडली. नर्स म्हणाली, "फोडाव्या लागतील, पण मी नाही बाई फोडणार. सवाशीण बाई हाये, घरी मालक हाये यांचा."

"मालकाला काही होत न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "तो बोकडावानी ठणठणीत हाये." आणि तिनं स्वतः हात टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. एकदा, दोनदा. हिरवी काच फरशीवर पसरली. मालनबाईनं आपल्या पदराचा दशीदोरा तोडून तिच्या मनगटाला सैल बांधला, हात अगदीच मोकळा नको म्हणून.

"आता शेतात करता तसं करा," बेबीनंदा म्हणाली.

झुंबरबाईनं हवेतली कळी धरली. अंगठ्याचं नख लावलं. मनगट आतून बाहेर फिरवलं. आणि टीव्हीवर करंगळीकडचं लांब हाड, बिजागरीतून दार निसटावं तसं, शेजाऱ्याला सोडून उसळलं. कट्‌. आवाज खोलीत ऐकू आला आणि त्याच क्षणी तो दिसलाही. परत फिरवलं तर हाड धडपडत जागेवर आलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा उसळलं.

बेबीनंदानं ते सगळं कॅसेटवर भरून घेतलं. मग दिवा लावला. झुंबरबाई रडत असेल असं तिला वाटलं असावं, पण झुंबरबाई हसत होती, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"बाळा, ही कॅसेट मला दे."

"ती माझ्या अभ्यासासाठी आहे, मावशी."

"अभ्यास तुहा. हात कुणाचा?"

बेबीनंदानं थोडा विचार केला आणि दुसरी कॅसेट भरून दिली. देताना एवढंच म्हणाली, "भांडायला नेताय ना?"

"न्हाई. दाखवायला नेते."

संधी त्याच हंगामात चालत आली. बद्रीनाथरावांना पुढारी व्हायचं होतं, म्हणून त्यांनी गावात हाडांचं मोफत शिबिर ठेवलं. डॉक्टर कोण, तर गोंदीकर. शाळेपुढं मंडप, खुर्च्या, माईक. लोकांनी बसून राहावं म्हणून मंडपात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर, त्यावर बद्रीनाथरावांच्या पोराच्या लग्नाची कॅसेट. माणसं स्वतःला बुंदी खाताना बघत होती आणि खूश होती. मंडपवाला वसंता, मालनबाईच्या माहेरचा.

"वसंता," मालनबाई म्हणाली, "नवरी लई येळची बसलीय रे स्टेजवर. तिला जरा उठव."

तिकडं झुंबरबाई रांगेतून पुढं सरकली. उजव्या हातात नुसता दोरा, डाव्या हातात कपाशीची एक डहाळी, कळ्यांनी भरलेली. गोंदीकराचे केस पांढरे झाले होते. त्यानं तिला ओळखलं नाही. हे तिला फार लागलं. ज्याचं नाव तिनं नऊ वर्षं बोकडाला लावलं, त्याला तिचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं.

"नाव?"

"ढोंगी झुंबर."

गोंदीकरानं मान वर केली. त्याच वेळी मंडपातली बुंदी गेली आणि टीव्हीवर एक पांढराकरडा हात आला, मांस नसलेला. कुणीतरी विचारलं, "हे कुणाचं लगीन?" हात फिरला. हाड उसळलं. पुन्हा फिरला, पुन्हा उसळलं.

"माहा हात हाये," झुंबरबाई मागं वळून मोठ्यानं म्हणाली. "पाहून घ्या. चांगला पाहून घ्या."

बद्रीनाथराव उठले. "ए वसंता, काय लावलं हे? बंद कर."

"बटण अडकलं, मालक," वसंता म्हणाला, दोन्ही हात खिशात घालून.

झुंबरबाईनं उजवा हात टेबलावर गोंदीकरापुढं ठेवला. "मशीनवर इश्वास नसंल तं हे घ्या. धरा मनगट. धरा ना. तवा तं धरलं होतं."

सगळा गाव बघत होता. त्यानं धरलं. तिनं डहाळीवरची कळी बोटांत घेतली, नख लावलं, फिरवलं. हाड त्याच्या अंगठ्याखाली उसळलं. विंचू चावल्यासारखा त्यानं हात मागं घेतला. कळीची दांडी मोडून टेबलावर पडली. तिनं दुसरी कळी घेतली. "धरा." पुन्हा उसळलं. तिसरी. तिच्या कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते. डॉक्टराच्या तोंडून, त्याच्या नकळतच, निघून गेलं:

"दुखतं का?"



"आता इचारलं," झुंबरबाई म्हणाली. "नऊ सालानं."

तो सावरला. "त्या वेळी तुमच्या हातात बांगड्या होत्या. त्यामुळं ते—"

"व्हत्या. तुमच्या डोळ्यांपुढं व्हत्या. काढ म्हणले का? हातानं काम काय करती, इचारलं का? मी ढोंगी हाये का न्हाई, ते सांगा. तेवढ्यासाठी आले."

गोंदीकरानं बद्रीनाथरावांकडं बघितलं, बद्रीनाथरावांनी मंडपाच्या खांबाकडं. "आपण ऑपरेशन करू," गोंदीकर हळू आवाजात म्हणाला. "एक पैसा घेणार नाही."

"तुमच्या हाताखाली बोकड देणार न्हाई मी, हात तं दूरच."

रांगेत पहिलं हसू फुटलं आणि या वेळी ते तिच्यावर नव्हतं. गोंदीकर बॅग आवरायला लागला. म्हणाला, उशीर झालाय, पुन्हा कधी येईन. झुंबरबाईनं डहाळी टेबलावर ठेवली आणि चांगल्या डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. हंगामोहंगाम फांद्या धरलेला हात, सुटायला तयार नव्हता.

"बसा. रांग हाये अजून."

मोठ्या डॉक्टरापुढं यायचं म्हणून बाया हात भरून आल्या होत्या. मागं रांगेत मालनबाईनं उजव्या हातातल्या बांगड्या पुढं सरकवल्या, साबण नव्हता तर तोंडातली थुंकी लावली, आणि एक एक करून काढल्या. तिच्या मागच्या बाईनं काढल्या. मग तिच्या मागचीनं. कुणाचं मनगट ट्रॉलीतनं पडून दुखत होतं, कुणाचं उसाच्या मोळीनं, कुणाचं नवऱ्यानं पिळलेलं. त्या बाईनं ते तिथं सांगितलं नाही, पण रांगेतल्या सगळ्यांना कळलं. जिच्या बांगड्या निघाल्या नाहीत तिनं टेबलाच्या कडेवर फोडल्या. कुणाचाही नवरा मेला नाही, हे इथं सांगून टाकतो.

गोंदीकर बसला. जायला वाट नव्हती. झुंबरबाई त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली, मोडक्या कळ्यांची डहाळी परत हातात घेऊन. पहिली बाई आली. त्यानं सवयीनं कागद ओढला आणि लिहायला लागला.

"इचारा, डॉक्टर," झुंबरबाई म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग समोरच्या बाईकडं. "दुखतं का?"

"दुखतं."

"इचारा, कवा."

"कधी दुखतं?"

असं दिवस मावळेपर्यंत चाललं. तिनं खुर्ची घेतली नाही, पाणी घेतलं नाही. जिथं तो विसरला तिथं ती म्हणाली, इचारा, डॉक्टर. शेवटी शेवटी तर तिला म्हणावंही लागत नव्हतं, ती नुसती बघायची आणि त्याच्या तोंडातून प्रश्न यायचा. तो चुकलो म्हणाला नाही. आजवर म्हणालेला नाही. म्हणून तिनंही माफ केलेलं नाही, आणि गोठ्यातल्या बोकडाचं नाव आजही डॉक्टर आहे. पण गावात ढोंगी हा शब्द आता कुणी सहज काढत नाही. काढला की ऐकणारा आधी झुंबरबाई कुठं आहे ते बघतो.

हात तसाच आहे. बेबीनंदानं तिला कातड्याचा एक पट्टा करून दिला, मनगटाला तंग बांधायचा. तो बांधला की कळी सोलता येते, दांडी मोडत नाही. मात्र बद्रीनाथरावांच्या प्लॉटवर ती गेली नाही, आणि तिच्या मागून कुणीच गेलं नाही. त्या हंगामात त्यांच्या कळ्या झाडावरच उमलल्या आणि आपल्याच परागानं फळल्या, कंपनीला नको तशा.

आता तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या घरातली, शेजारची कुणी बाई हाडाच्या डॉक्टराकडं निघाली तर तिच्याबरोबर जा. तिला सांगा, हात भरून जाऊ नको, हात मोकळा घेऊन जा, आणि रोज जे काम करतेस तेच त्याच्यापुढं करून दाखव. आणि तो काही न विचारता कागद ओढायला लागला, तर लाजू नका, घसा साफ करा आणि मोठ्यानं म्हणा: विचारा, डॉक्टर.